सतरावर क्लिक केलं की पंधरावं पुस्तक

गावच्या वाचनालयाची पुस्तकयादी वेब पेजवर टाकायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं. नऊशेच्या आसपास पुस्तकं; नावावर क्लिक केलं की त्या पुस्तकाची माहिती खाली उघडायची. पेज एका दुपारीच उभं राहिलं. पुढचे चार दिवस मात्र एकाच चुकीने खाल्ले आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

प्रत्येक लिंकच्या ऑनक्लिकमध्ये (क्लिक झाल्यावर चालणारा जावास्क्रिप्ट कोड लिहायची जागा) मी माहिती उघडणारं माझं फंक्शन लिहिलं आणि कंसात दाखल क्रमांक. नोंदवहीत हे क्रमांक तीन आकडी असतात: ००१, ०१७, ३४०. तेच जसेच्या तसे उतरवले. पहिल्या नऊ लिंका तपासल्या, मग तीनशे-चारशेच्या घरातल्या काही. सगळं बरोबर. दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल काकांचा फोन: "अरे, सतरावर दाबलं की पंधरावं पुस्तक उघडतंय." बघतो तर खरंच. १८ आणि १९ बरोबर, २० वर मात्र १६.

पहिला संशय लूपवर, म्हणजे तेच काम पुन्हापुन्हा करणाऱ्या कोडवर. व्हार या जुन्या शब्दाने व्हेरिएबल (किंमत साठवायचं नाव) घेऊन लूपमध्ये क्लिक हँडलर, म्हणजे क्लिकवर चालणारी फंक्शन्स, जोडले की सगळ्या लिंका ते एकच व्हेरिएबल वाटून घेतात आणि सगळ्यांना शेवटची किंमत मिळते. २०१५ पासून त्यावर व्हारच्या जागी लेट लिहिणं हा सरळ उपाय आहे. लेट केलं, फरक शून्य. पडणारच नव्हता, कारण त्या चुकीत सगळीकडे एकच क्रमांक येतो आणि माझ्याकडे प्रत्येक लिंकवर वेगळा चुकीचा येत होता. हे दिवसभराने लक्षात आलं. मग माहितीची फाइल दोनदा नव्याने लावली. शेवटी फंक्शनच्या पहिल्याच ओळीत कन्सोल लॉग (आलेली किंमत छापून दाखवणारी ओळ) टाकला, तर तिथेच १५. म्हणजे क्रमांक आत येण्याआधीच बदललेला!

कागदावर जोड्या लिहिल्या. १० चे ८, १७ चे १५, २० चे १६. ज्यात ८ किंवा ९ आहे ते सगळे शाबूत. तेव्हा उलगडलं. शून्याने सुरू होणारा आकडा जावास्क्रिप्ट जुन्या नियमाने अष्टमान पद्धतीचा (दहाऐवजी आठच्या पटीत मोजणाऱ्या, फक्त ० ते ७ अंकांच्या) समजते: ०१७ म्हणजे एक आठ आणि वर सात. आकड्यात ८ किंवा ९ असेल तर गुपचूप नेहमीच्या दशमानात वाचते. ००१ ते ००७ दोन्हीकडे सारखेच, शंभरापुढे सुरुवातीला शून्यच नाही. नऊशेपैकी बरोबर ५६ लिंका चुकत होत्या आणि ब्राउझरने एररची एकही लाल ओळ दाखवली नाही. स्ट्रिक्ट मोडमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्या कडक नियमांत, असा आकडा लिहिला तर एरर येते. माझ्या स्क्रिप्टच्या फाइलीत स्ट्रिक्ट मोड लावलेला होताच, पण तो लिंकच्या ऑनक्लिकमधल्या कोडला लागूच होत नाही. माझी खरी चिडचिड इथे आहे.

दाखल क्रमांकांची कोणी बेरीज करत नाही, तेव्हा तो स्ट्रिंगच, म्हणजे मजकूर म्हणूनच, हवा. नुसतं अवतरणात टाकूनही भागलं असतं, पण तीच सवय पुस्तकांची नावं पाठवताना लागली तर नावात अपॉस्ट्रॉफी आला की कोड तुटतो. म्हणून ऑनक्लिक काढून टाकलं, लिंकवर डेटा अॅट्रिब्यूटमध्ये (टॅगमध्येच आपली माहिती ठेवायची जागा) क्रमांक ठेवला आणि पूर्ण यादीला एकच क्लिक लिसनर, म्हणजे क्लिकची वाट बघणारं फंक्शन, लावला. तिथून क्रमांक नेहमी स्ट्रिंग म्हणूनच येतो. हिशेब करायचा असेल तर नंबरमध्ये बदलून घ्या. लिंकमध्ये मुखपृष्ठाचं चित्र असेल तर टार्गेट (नेमकं जिथे क्लिक झालं तो भाग) म्हणून चित्र मिळतं, क्रमांक मिळत नाही. क्लोजेस्ट या तयार फंक्शनने त्याच्या बाहेरची लिंक शोधा. आणि हो, लिसनर जोडणाऱ्या अॅडइव्हेंटलिसनरला फंक्शन देताना पुढे कंस लावले तर ते क्लिकची वाट न बघता तिथल्या तिथे चालतं; कंसात किंमत (पॅरामीटर) द्यायचीच असेल तर अॅरो फंक्शनमध्ये, म्हणजे बाण वापरून लिहिलेल्या छोट्या फंक्शनमध्ये, गुंडाळा. एचरेफमध्ये (लिंकचा पत्ता) नुसता हॅश (#) ठेवला तर पान वर उडी मारतं, ती थांबवायला लिसनरमध्ये प्रिव्हेंटडिफॉल्ट.

काकांनी नोंदवही उघडून ०१० ते ०७७ पर्यंत एकेक लिंक माझ्यासमोर दाबून बघितली आणि प्रत्येक क्रमांकापुढे पेन्सिलीने खूण केली.