फॉरमॅट मारायच्या आधी

सोलापुरात कॉम्प्युटर बिघडला की सल्ला ठरलेला असतो. मशीन हळू चालतंय, फॉरमॅट मारा, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाका. व्हायरस आला, फॉरमॅट मारा. प्रिंटर ऐकत नाही, तरी फॉरमॅटच मारा. मारणाऱ्याचं काम पटकन उरकतं, मशीन चकचकीत होऊन सुरू होतं, गिऱ्हाईक पैसे देऊन मोकळं. काय काय गेलं ते दुसऱ्या दिवशी कामाला बसल्यावर कळतं, आणि तोवर फॉरमॅटवाला फोन उचलत नाही.

मी एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळते. त्यामुळे ओळखीपाळखीतली आजारी मशीनं माझ्याकडे येतातच. यंदाच्या उन्हाळ्यात आलेलं एक मशीन मात्र लिहून ठेवण्यासारखं होतं.

साखर पेठेच्या बाजूला आमच्या ओळखीच्या अण्णांचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, मंडळांच्या पावत्या. सोलापुरातली पत्रिका म्हणजे एका भाषेत भागत नाही. एक पत्रिका मराठी, दुसरी कन्नड, तिसरी तेलुगू, आणि कधी मुलाकडच्यांना तेलुगू आणि मुलीकडच्यांना मराठी, म्हणजे एकाच लग्नाच्या दोन पत्रिका. हे सगळं एका असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर चालतं. इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. पानं मांडायला कोरल ड्रॉ आणि जुनं पेजमेकर, आणि भारतीय भाषांसाठी श्रीलिपीचे फॉन्ट.

मशीन हळू झालं होतं. ऑपरेटर पोरगा हुशार आहे. त्यानं व्हिडिओ बघितला, सेटिंगमध्ये जाऊन 'रीसेट धिस पीसी' (विंडोज नव्यानं बसवायची सोय) काढलं, त्यात 'कीप माय फाइल्स' निवडलं आणि चहाला गेला. टक्के साठाच्या पुढं गेले असताना लाइट गेली. त्या गल्लीत लाइट गेल्याचं बल्बकडे बघून कळत नाही, यंत्रमागांची खटखट एकदम थांबते तेव्हा कळतं. यूपीएस एकदा ओरडला आणि गप झाला. आतली बॅटरी फुगून केसमध्ये अडकून बसली होती, ते नंतर उघडल्यावर दिसलं.

लाइट आल्यावर पडद्यावर एक चौकट यायला लागली: 'द कॉम्प्युटर रीस्टार्टेड अनएक्स्पेक्टेडली', इन्स्टॉलेशन पुढे जाऊ शकत नाही, ओके दाबा. ओके दाबलं की मशीन रीस्टार्ट, आणि पुन्हा तीच चौकट.

मी पोचले तेव्हा बाजारातला एक पोरगा पेन ड्राइव्ह हातात घेऊन तयारच होता.

"मॅडम, अर्ध्या तासात फॉरमॅट मारून देतो की. डी ड्राइव्हला हात लावत नाही, डेटा सगळा डीलाच हाय म्हणतेत."

"आणि फॉन्ट?"

"फॉन्ट काय, टाकून देऊ की नंतर. लई हायत माझ्याकडं."

अण्णा मधे पडले. "ताई, लग्नाची तारीख धरून बसलेत लोक. लवकर काय होतंय तेवढं बघा."

अण्णांचं बरोबरच होतं. सीझनमध्ये पत्रिका उशिरा गेली तर गिऱ्हाईक आयुष्यभर बोलतं. पण 'नंतर टाकून देऊ' मध्येच सगळी मेख आहे. श्रीलिपीचे ते जुने फॉन्ट युनिकोड नाहीत, म्हणजे अक्षरांचे सगळीकडे चालणारे ठरलेले क्रमांक ते वापरत नाहीत. फाइलमध्ये 'ग' साठवलेला नसतो, कुठलं तरी इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह साठवलेलं असतं आणि फॉन्ट त्याच्या जागी 'ग'चं चित्र दाखवतो. नेमका तोच फॉन्ट नसेल तर पत्रिका उघडते, पण वाचता येत नाही. दुसऱ्या कंपनीचा मराठी फॉन्ट लावला तर आणखी गोंधळ, कारण त्याच्यात 'ग' तिसऱ्याच चिन्हावर बसलेला. म्हणजे डी ड्राइव्हवरच्या सगळ्या पत्रिका शाबूत राहिल्या तरी फॉन्टशिवाय त्यांचा रद्दीइतकाच उपयोग.

पोराला चहा पाजून परत पाठवलं.

आता त्या 'कीप माय फाइल्स'बद्दल. त्या वाक्यावर लोक फार विसंबतात. ते ठेवतं म्हणजे तुमच्या युजर फोल्डरमधलं ठेवतं: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे. बाहेरून टाकलेली सॉफ्टवेअरं जातात, प्रिंटरचे ड्रायव्हर जातात. विंडोजचं फोल्डरच नवं बसत असल्यामुळे त्यात टाकलेले फॉन्टही जातात. पण जातात म्हणजे लगेच पुसले जातात असं नाही. नवं विंडोज बसवताना जुनं आधी 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये सरकवलं जातं, आणि सगळं सुरळीत पार पडलं तर साधारण दहा दिवसांनी विंडोज ते स्वतःच साफ करतं. अण्णांचं मशीन अर्ध्यात अडकलं होतं. म्हणजे जुनं विंडोज फॉन्टसकट त्या फोल्डरमध्ये असायला हवं होतं. सी, म्हणजे विंडोज असलेला ड्राइव्ह, फॉरमॅट केला असता तर तेही गेलं असतं.

म्हणून आधी सामान बाहेर काढायचं, दुरुस्ती मागाहून.

माझ्या पर्समध्ये लिनक्स मिंटचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या एका फुकट ऑपरेटिंग सिस्टिमचा, एक पेन ड्राइव्ह कायम असतो (पर्समध्ये काय असावं याबद्दल आमच्या सासूबाईंचं मत वेगळं आहे). मशीन त्याच्यावर सुरू केलं. लिनक्स असं पेन ड्राइव्हवरून चालवलं की आपण सांगितल्याशिवाय हार्ड डिस्कवर काही लिहीत नाही, नुसतं वाचता येतं. सगळ्यात आधी डिस्कची तब्येत बघितली. डिस्क स्वतःच्या दुखण्यांची नोंद ठेवत असते, त्याला स्मार्ट म्हणतात. तिथं 'करंट पेंडिंग सेक्टर' या ओळीत शून्य असायला हवं. शून्य नव्हतं. डिस्कचे काही भाग वाचले जात नव्हते. मशीन हळू का झालं होतं त्याचं उत्तर तिथंच मिळालं, आणि रीसेट पूर्ण झाला असता तरी काही फरक पडला नसता हेही. कान लावला तर डिस्क मधूनच टक्क करायली होती.

अशा डिस्कवर 'चेक डिस्क' चालवायचा मोह होतो. डेटा बाहेर काढल्याशिवाय तो चालवू नये. तो डिस्कवर लिहितो, फाइलींचे तुकडे इकडेतिकडे करतो, आणि आधीच दमलेल्या डिस्कला अख्खी फिरायला लावतो. साधं कॉपी-पेस्टही इथं कामाचं नाही, एका खराब फाइलवर येऊन अडकून बसतं. आरसिंक नावाचं साधन वाचता येईल ते उचलतं, न वाचलेल्याची तक्रार नोंदवतं आणि पुढं सरकतं. ते लावून बाहेरच्या डिस्कवर काढायला सुरुवात केली. क्रमही ठरवला होता: आधी छापायला अडकलेल्या चालू पत्रिका, मग फॉन्ट, मग जुनी कामं, आणि ऑपरेटरचे सिनेमे सर्वात शेवटी.

विंडोज डॉट ओल्ड होतंच. त्याच्या आत विंडोज, त्याच्या आत फॉन्ट्स. विंडोजमध्ये हे फोल्डर उघडलं की आपल्याला सजवलेली यादी दिसते, काही फॉन्ट लपवलेले असतात. लिनक्समध्ये ते साधं फोल्डर असतं, प्रत्येक फाइल उघडी. श्रीलिपीच्या फाइलींची रांग लागली, खाली कन्नडच्या, त्याखाली तेलुगूच्या. ऑपरेटर पोरगा मागून बघत होता, तेव्हा कुठं त्यानं खुर्ची ओढून घेतली. त्याचं डेस्कटॉपही डॉट ओल्डच्या युजर्समध्ये जसंच्या तसं होतं, 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर २', 'फायनल', 'फायनल खरं' यांच्यासकट.

ज्यांच्याकडे लिनक्स नाही त्यांच्यासाठी एक जुगाड. विंडोज १० च्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करायचं, पहिल्या पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबायचं. काळी खिडकी उघडते. तिथं नोटपॅड टाइप करून एंटर. नोटपॅडमध्ये फाइल, ओपन, आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडलं की सगळे ड्राइव्ह दिसतात. राइट क्लिक करून कॉपी, पेन ड्राइव्हवर पेस्ट. टक्के दिसत नाहीत, खिडकी मेल्यासारखी वाटते, धीर धरायचा. आणि तिथं सी म्हणजे आपला सी असेलच असं नाही, अक्षरं बदललेली असतात, आत डोकावून खात्री करायची. डिस्क धडधाकट असेल तर एवढ्यानंही काम भागतं. लॅपटॉपवाल्यांना मात्र बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, आडवा येतो. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर तो न सांगता चालू असतो आणि मग डिस्क कुठूनही वाचायला ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर साठवलेली असते. रीसेटला हात लावायच्या आधी ती कागदावर उतरवून घ्या, नंतर अकाउंटचा पासवर्ड आठवत बसण्यात अर्थ नाही.

सामान निघाल्यावर मी त्या अडकलेल्या चौकटीकडे वळले. खरं तर गरज नव्हती, डिस्क बदलायचीच होती. पण हा उपाय चालतो का ते बघायचं होतं. चौकट पडद्यावर असतानाच शिफ्ट-एफ१०, मग रेजएडिट, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदी बदलायचं साधन. तिथं एचकी लोकल मशीन, सिस्टिम, सेटअप, स्टेटस, चाइल्ड कम्प्लिशन अशा पायऱ्या उतरत जायचं. उजवीकडे 'सेटअप डॉट ईएक्सई' दिसतं, त्याची किंमत १ असते, ती ३ करायची. म्हणजे सेटअपला सांगायचं की हा टप्पा तू पार केलास बाबा, पुढं चल. रेजएडिट बंद करून ओके. मशीन रीस्टार्ट झालं आणि खरंच पुढं गेलं, थेट भाषा आणि देश विचारायला लागलं. अण्णा म्हणाले, "झालं की मग!" म्हटलं, "झालं नाही, डिस्क बदलल्याशिवाय हे पुन्हा बंद पडणार." चांगल्या डिस्कवर हीच चौकट आली असेल तर हा उपाय जरूर करून बघा. त्यावर भरवसा मात्र ठेवू नका, अर्धवट बसलेलं विंडोज पुढं कधी रुसेल सांगता येत नाही.

नवी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, आणली. विंडोजचा पेन ड्राइव्ह लॅबमध्येच मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं करून आणला होता, त्याला किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो. बसवताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली. दोन्ही डिस्क लावून ठेवल्या तर सेटअप कधी कधी सुरुवातीची बूट फाइल जुन्या डिस्कवर टाकतो, आणि मग ती डिस्क काढली की नवं विंडोजही उठत नाही. सेटअपनं विंडोजची प्रॉडक्ट की मागितली तेव्हा 'माझ्याकडे की नाही' निवडलं. मदरबोर्ड तोच आणि एडिशन तीच असेल, तर आधी ॲक्टिव्हेट झालेलं विंडोज १० इंटरनेट लागल्यावर स्वतःच ॲक्टिव्हेट होतं. झालं.

मग फॉन्ट टाकायच्या आधी मुद्दाम एक पत्रिका उघडून अण्णांना दाखवली. वरती जिथं श्री गणेशाचं नाव हवं तिथं इंग्रजी अक्षरं, डॉलर, कंस, टक्के, अशी माळ. खाली 'चि. सौ. कां.' च्या जागी तीच गत. अण्णा चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले. फाइल बंद केली, फॉन्ट टाकले, परत उघडली. गणपती, कुलदैवत, मामा-मावश्यांची रांग, आणि अगदी तळाशी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'पर्यंत सगळं जागेवर.

"म्हणजे तो पोरगा डी सोडणार होता, तरी आपलं गेलंच असतं की," अण्णा म्हणाले.

श्रीलिपीच्या जुन्या आवृत्तीला डोंगल (परवान्यासाठी पोर्टमध्ये लावायचं छोटं यंत्र) लागतं, ते मागच्या पोर्टमध्ये धूळ खात होतंच. त्याचा ड्रायव्हर शोधण्यात फॉन्टपेक्षा जास्त वेळ गेला. जुन्या लेसर प्रिंटरनं थोडा त्रास दिला. टायपिंगचा लेआउट ऑपरेटरनं स्वतः लावून घेतला, तो टायपरायटरवाला रेमिंग्टन वापरतो, मला त्यात एक ओळही जमत नाही.

अण्णांनी नवं मशीन घेऊ का विचारलं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापराच्या मशीनसाठी नाव नोंदवून सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, त्याला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा लागतो. माझं मत असं की सीझन याच मशीनवर काढावा, पैशाचं आणि बँकेचं काही त्याच्यावर करू नये, आणि दिवाळीनंतर नवं घ्यावं. आधी यूपीएसची बॅटरी बदला म्हटलं. ती त्याच दिवशी बदलली. आता बाहेरच्या डिस्कवर दर आठवड्याला पत्रिकांबरोबर फॉन्टचं फोल्डरही कॉपी होतं, ते काम ऑपरेटरकडे आहे आणि तो ते करतो.

एक गोष्ट राहिली. आरसिंकनं ज्यांची तक्रार केली त्या फाइली डीडीरेस्क्यू (खराब डिस्कमधून जमेल तेवढं वाचणारं साधन) लावून पुन्हा वाचायचा प्रयत्न केला. बहुतेक निघाल्या. एक कन्नड फॉन्ट निघाला नाही, नेमका खराब सेक्टरवर पडलेला. कन्नड पत्रिकांचे मथळे अण्णा त्याच्यातच करतात, जाड, थोडा गोलसर. फाइलच्या नावावरून काही बोध होत नाही, पण छापलेली पत्रिका माझ्याकडे आहे. अक्कलकोट, इंडी, विजापूर भागात डीटीपी करणाऱ्या कुणाकडे जुन्या कन्नड फॉन्टची सीडी पडून असेल तर कळवा, पत्रिकेचा फोटो पाठवते. तोवर अण्णा मथळा दुसऱ्या फॉन्टमध्ये छापतायत आणि गिऱ्हाइकाला "नवी डिझाइन हाय" म्हणून सांगतायत.