रंजक पेटते, बार होत नाही: अखेर चोर सापडला

मंडळी, माझ्या चकमकीच्या ठासणीच्या बंदुकीत रंजक (बाहेरच्या छोट्या वाटीत, म्हणजे पॅनमध्ये, घालायची पेटवणीची दारू) पेटायची, पण नळीतला बार उडत नव्हता. आठ दिवस लॉक (ठिणगी पाडणारी कळ) खोललं, गार (चकमकीचा दगड) बदलली, दारूचा डबा बदलला, आणि चोर निघाला गाडीच्या हीटरमध्ये. सविस्तर लिहितो, कारण पेनसिल्व्हेनियात नाताळनंतर हरणाच्या शिकारीला उतरणाऱ्या तुमच्यापैकी कुणावरही ही वेळ येऊ शकते.

26 डिसेंबर, हंगामाचा पहिला दिवस. पहाटे नेहमीसारखी नुसती रंजक उडवून कान (पॅनमधला जाळ नळीत नेणारं भोक) कोरडा केला, मग 70 ग्रेन थ्री-एफ (बारीक दाण्याची काळी दारू), कापडी पट्टी, .490 इंचाची गोळी, गजाने नीट ठासली. सकाळी काहीच दिसलं नाही. अकराच्या सुमारास दुसऱ्या खोऱ्यात जायचं ठरवलं. गाडीपाशी येण्याआधी पॅनमधली रंजक झटकून टाकली. आपल्या नियमात पॅन रिकामा म्हणजे बंदूक रिकामी. नळीतला बार तसाच राहिला तरी चालतो. पंचवीस मिनिटांचा रस्ता, बाहेर उणे सहा, आत हीटर, बंदूक मागच्या सीटवर. दुपारी एकच्या सुमारास हेमलॉकच्या झाडांतून हरणाची मादी आली, चाळीस पावलांवर आडवी उभी. नवी रंजक घातलेली होती. चाप ओढला, घोडा पडला, लख्ख जाळ झाला, आणि नळी गप्प. मिनिटभर नेम न हलवता उभा राहिलो, उशिरा बार होईल या भीतीने. मादीने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि शेपटी उंचावून निघून गेली. ते पांढरं शेपूट अजून डोळ्यांसमोर आहे.

मागच्या नोंदीत फ्रिझनला (गार जिच्यावर घासून ठिणग्या पडतात त्या पोलादी पट्टीला) पुन्हा पाणी दिल्याचं लिहिलं होतं, त्यामुळे पहिला संशय तिच्यावर. पण ठिणग्या भरपूर पडत होत्या. गार बदलून पाहिली. काळी इंग्लिश गार मला अजूनही सगळ्यांत आवडते. करवतीने कापलेल्या अगेटच्या गारा टिकतात, पण ठिणगी मंद, आणि फ्रिझनला ओरखडे पडतात. मग दारू. रंजकेला आणखी बारीक फोर-एफ, नळीत थ्री-एफ, दोन्ही खरी काळी दारूच आहे. पर्यायी दारू पेटायला जास्त उष्णता लागते, चकमकीला ती कामाची नाही, हे आपण इथे कितीदा बोललो आहोत. तिसरा संशय कानाच्या भोकावर. माझं एक-षोडशांश इंचाचं आहे. ते पाच-चौसष्टांश करायचं ठरवून मी ड्रिलचं पातं मागवलंही. कान टोचायची सुईही मागवली होती. एका ऑनलाइन दुकानाने पाठवलेली ती सुई दुसऱ्याच दिवशी कानात मोडली, तो तुकडा काढायला एक आख्खी संध्याकाळ गेली. आता पितळी तार घासून स्वतः केली आहे, ती उत्तम चालते.

रेंजवर मात्र बंदूक एकदाही चुकली नाही. सलग दहा बार, दहाही झटकन. इथेच मी चार दिवस अडकलो. रेंजवर चालते आणि रानात अडते, तर फरक कशाचा? शेवटी 26 तारखेचा पूर्ण दिवस जसाच्या तसा पुन्हा करायचं ठरवलं. पहाटे रंजक उडवली, बार भरला, दोन तास थंडीत बसलो, पॅन रिकामा केला, पंचवीस मिनिटं हीटर लावून गाडी चालवली, थेट रेंजवर गेलो. रंजक पेटली. बार नाही.

या वेळी मी पुन्हा रंजक घालून प्रयत्न करत बसलो नाही. सीओटू डिस्चार्जर (वायूच्या दाबाने भरलेला बार बाहेर ढकलणारं साधन) लावून गोळी आणि दारू बाहेर काढली आणि वर्तमानपत्रावर ओतून पाहिली. बहुतेक दाणे कोरडे, चमकदार, सुटे. पण कानाजवळची चिमूटभर दारू काळ्या चिखलासारखी एकत्र चिकटलेली. बोटावर घेतली तर काजळासारखी पसरली. ते पाहून सगळं लक्षात आलं. पहाटे उडवलेल्या रंजकेची राख कानात बसते. ती राख ओल ओढते. थंडगार नळी उबदार गाडीत आली की हवेतलं पाणी तिच्यावर जमतं, आत कानापाशीही. राख आणि पाणी मिळून बूच तयार होतं. बाहेरचा जाळ त्या बुचापाशीच संपतो.

म्हणजे नियम पाळताना रंजक झटकली ते बरोबरच होतं, चूक होती पहाटेची रंजक आणि मागची सीट. त्यानंतर पहाटे रंजक उडवणं बंद केलं. त्याऐवजी नळी आणि कान अल्कोहोलच्या चिंधीने पुसून घेतो, भरताना कानात तार ठेवतो आणि ठासून झाल्यावर काढतो. मग त्या जागी टर्कीच्या पिसाचा दांडा खोचतो. बंदूक पिकअपच्या मागच्या उघड्या भागात, खोळीत, थंडच. काल असे सहा फेरे केले. सहाच्या सहा बार झाले, आणि सहाव्याला तर जाळ आणि आवाज वेगळे ऐकूच आले नाहीत. त्या आवाजाने जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही.

पिसाची कल्पना जुनीच आहे. माझे आजोबा सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगायचे. ती केपाची (गारेऐवजी ठिणगीच्या छोट्या धातूच्या टोपीवर चालणारी) होती, चकमकीची नव्हे, पण रंजक, कान, गज हे शब्द मी त्यांच्याच तोंडून शिकलो. रानडुकरांसाठी पावसात माळावर बसताना ते कानाला मेण लावून चिंधी बांधत. लहानपणी मला त्याचं कारण कळलं नव्हतं.

भोक मोठं करायचा बेत मात्र हे लिहिता लिहिताच रद्द करतो आहे. सहापैकी सहा बार होत असताना हंगामाच्या मध्यावर कानाला ड्रिल लावणं शहाणपणाचं नाही. फेब्रुवारीत बघू.

नव्याने विचारणाऱ्यांसाठी नियमाचं थोडक्यात: ऑक्टोबरमधल्या मादीच्या हंगामात इनलाइनसकट (नळीच्या थेट मागून पेटणारी आधुनिक धाटणी) कुठलीही ठासणीची चालते, पण नाताळनंतर फक्त चकमकीची, आणि तीही 1800 पूर्वीच्या धाटणीची, लांब बंदूक असेल तर एकनळी, किमान .44 ची, एकाच गोळीची. दुर्बीण नाही, नेम धरायला उघडी माशी हवी. फायबर ऑप्टिकची माशी चालते, मी मात्र पितळेचीच ठेवली आहे. रानातल्या उजेडात मला ती स्पष्ट दिसते, आणि लँकेस्टरच्या जर्मन कारागिरांच्या घडणीच्या बंदुकीवर हिरवा प्लॅस्टिकचा ठिपका मला बघवत नाही. मझललोडरचा (ठासणीच्या बंदुकीचा) वेगळा परवाना काढायला विसरू नका. 1974 पासून चालत आलेला हा हंगाम या बंधनांमुळेच आपला वाटतो.

कोलोरॅडोतल्या मित्रांनी सप्टेंबरचं आमंत्रण दिलं आहे. तिथे केपाची आणि इनलाइनही चालते, पण दारू सुटीच हवी, दाबून वड्या केलेली नाही, सॅबोटही (गोळीभोवतीचं प्लॅस्टिकचं वेष्टण) नाही. हरणाला किमान .40. माझी .50 या सगळ्यांत बसते. आधी नको म्हणालो होतो, आता विचार बदलतो आहे.

शनिवारी बर्फ आहे, म्हणून आज रात्री लॉकवर चढवायला चामड्याची टोपी शिवतो आहे, जिला जुने लोक गाईचा गुडघा म्हणतात. चामडं कापून झालं. मधमाश्यांचं मेण आणि चरबी किती-किती घ्यायची, हे ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी शुक्रवारपर्यंत सांगा.