तुम्ही विचारलंत म्हणून: गोव्यातलं ‘सगळं पॅकेजमध्ये’ रिसॉर्ट घ्यावं का?

‘राहणं, तीन वेळचं खाणं, पिणं, पोरांची करमणूक, सगळं एकाच पैशात. असं समुद्रकाठचं रिसॉर्ट घेतलं तर पैसे वसूल होतात का गं?’ मी मडगावात राहते, त्यामुळे दिवाळी किंवा मे महिना जवळ आला की हा प्रश्न सांगलीहून, पुण्याहून, डोंबिवलीहून येतोच. विचारणारा बहुतेक वेळा पुरुष असतो आणि त्याच्या डोक्यात बिअरचा हिशेब चालू असतो.

तर एकदाच नीट सांगते. बिअरने पैसे वसूल होत नाहीत. गोव्यात दारू मुळातच महाराष्ट्रापेक्षा स्वस्त, आणि पॅकेजात मिळते ती ठरावीक देशी ब्रँडची. चांगली व्हिस्की मागितलीत की वेगळं बिल. ताज्या फळांचा रस बऱ्याच ठिकाणी जास्तीचा, खोलीतल्या फ्रिजमधलं तर हमखास. एप्रिलमध्ये आलात आणि हुर्राक (काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू) प्यायची हौस असली, तर ती रिसॉर्टच्या बारमध्ये मिळेल या भ्रमात राहू नका, ती गावातल्या तावेर्नात, म्हणजे छोट्या गुत्त्यातच. बरं, ग्लास घेऊन वाळूत जाऊन बसू म्हणाल तर किनाऱ्यावर प्यायला बंदी आहे, दंड होतो.

मग वसूल कशाने होतं? तुमच्या घरात जी बाई सकाळी डोळे उघडायच्या आधी ‘आज डब्याला काय’ म्हणून विचार करते, तिला दोन दिवस तो विचार करावा लागत नाही, त्याने. सहलीतही हे काम तिच्याच गळ्यात असतं. कुठे जेवायचं, सासूबाईंना चालेल असं काय मिळेल, धाकटा झोपायच्या आत ताट येईल का, बिल बघून नवरा काय म्हणेल. पॅकेजमध्ये हे सगळं आधीच मिटलेलं असतं. पोराने चौथ्यांदा आइस्क्रीम मागितलं तरी कुणी पाकिटाकडे बघत नाही. याला किंमत आहे असं तुम्हाला वाटत असेल तर घ्या. नसेल वाटत तर कोलव्याला साधं हॉटेल घ्या, दुपारी माशाची थाळी खा, मजेत राहाल.

दुसरं कारण टॅक्सीचं. गोव्यात ओला-उबर नाहीत. गोवामाइल्सचं अ‍ॅप आहे, बाकी स्थानिक टॅक्सीवाले. सहा-सात माणसांचं कुटुंब रोज रात्री जेवायला बाहेर काढायचं म्हणजे दोन गाड्या, जाऊन-येऊन, शिवाय तिथे ताटकळणं. हा खर्च पुण्यात बसून कुणी धरत नाही. दक्षिण गोव्यात बाणावली, वार्का, केळशी, मोबोर या पट्ट्यात मोठी रिसॉर्टं आहेत आणि गावं विरळ. रात्री गेटबाहेर पडून रमतगमत पाच खानावळी बघाव्यात असं तिथे नाही. म्हणून पॅकेज दक्षिणेत परवडतं. उत्तरेत कळंगुट-बागा किनाऱ्याला उलट आहे. पायाखाली पन्नास हॉटेलं असताना बुफेला बांधून घ्यायचं कशाला?

एक अट मात्र पक्की. पॅकेज घेतलंत तर तिथेच राहायचं. आपल्या माणसांना हे जमत नाही. गोव्याला आलो आणि कुलदेवतेला न जाता परत जायचं? मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा, कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी, सगळं फोंड्याकडे. मोबोरहून निघालात की तास-सव्वा तास. दुपारचं जेवण गेलं, चार वाजताचा चहा-भजी गेली, आणि पैसे तर आधीच भरलेले. त्यातून कुणाला दूधसागर हवा, कुणाला जुन्या गोव्याची चर्च. असं करायचं असेल तर आधी दोन रात्री फोंड्यात किंवा मडगावात साध्या ठिकाणी काढा, देव आणि फिरणं उरका, मग शेवटच्या दोन रात्री रिसॉर्टमध्ये जाऊन पडा. देवस्थानांच्या भक्तनिवासात खोल्या मिळतात, फोन करून आधी विचारा. उलट क्रम लावू नका. रिसॉर्टमधून उठून देवदर्शनाला जायचं पोरांच्या जिवावर येतं.

आता खाण्याबद्दल, कारण खरी तक्रार तिथेच होते. बुफेत तुम्हाला पनीर, बटर चिकन, पास्ता, हाक्का नूडल्स हे कायम दिसणार. गोव्याचं म्हणून एक कोपरा असतो. त्यात कधी हुमण आणि शीत (माशाची आमटी आणि भात), कधी शाकुती (भाजलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा रस्सा). सोलकढी असेलच असं नाही. आदल्या दिवशी स्वयंपाकघरात शब्द टाकलात तर करतात. जून-जुलैत तर मासळीची अपेक्षाच ठेवू नका. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, तेव्हा ‘फिश फ्राय’ म्हणून बासा, म्हणजे बाहेरून आलेला गोठवलेला मासाच पुढे येतो. समुद्र समोर असून ताटात बासा, हे आमच्या घरी सासऱ्यांनी एकदा खाल्लं आणि अजून ऐकवतात. इसवण (सुरमई), चणक (जिताडा), तिसऱ्या खायच्या तर एक दुपार मडगावच्या बाजारालगतच्या खानावळीसाठी राखून ठेवा. ते जेवण कुठल्याही पॅकेजमध्ये येत नाही.

शाकाहाऱ्यांचं मात्र लोकांना वाटतं त्यापेक्षा बरं जमतं. माझी आई आमच्याबरोबर होती तेव्हा नेमकी संकष्टी आली. दिवसभर पपई, केळी, उकडलेली रताळी यावर भागलं, साबुदाणा तिथे नव्हता. प्रश्न रात्रीचा होता. बुफे साडेसातला सुरू, साडेदहाला बंद, आणि चंद्रोदय साडेनऊच्या पुढे. वाढपी मुलगा कुडाळचा निघाला. (दक्षिण गोव्यातल्या रिसॉर्टांत सिंधुदुर्गातली मुलं भरपूर, मराठी बोलून बघा, अर्धी कामं तिथेच होतात.) त्याने आचाऱ्याला सांगून कांदा-लसूण न घातलेलं वरण आणि भात वेगळा काढून झाकून ठेवला. आम्ही सगळे आईला घेऊन समुद्राकडे तोंड करून चंद्राची वाट बघत उभे. तो उगवला मागच्या पार्किंगच्या बाजूने, माडांच्या वर, जनरेटरच्या खोलीजवळ. पश्चिम किनाऱ्यावर दुसरं काय होणार! आईने तिथेच हात जोडले, दोन बसच्या मधे. मोदक नव्हते, पण गोडाच्या टेबलावर आलेबेले होते, पातळ धिरड्यात नारळ-गुळाचं सारण भरून गुंडाळलेले. तिने एक उचलून बघितलं, वास घेतला, ‘सारण तेच आहे’ म्हणाली आणि तोच नैवेद्य ठरला.

पोरांच्या बाबतीत जाहिरातीतल्या घसरगुंडीपेक्षा नियम विचारा. किती वर्षांपर्यंत फुकट? कुठे पाच, कुठे सहा, आणि बारापर्यंत अर्धे पैसे. किड्स क्लबमध्ये लहानग्याला एकटं ठेवतात की कुणी मोठं बरोबर लागतं? लहान मुलांचा पूल आणि मोठ्या पूलमधला बार यांत अंतर किती? पूल बहुतेक ठिकाणी संध्याकाळी सातच्या सुमाराला बंद होतो आणि कपड्यांची सक्ती असते, नायलॉनचे किंवा लायक्राचे. सुती टीशर्ट, ओढणी, साडी चालत नाही. माझ्या जाऊबाईंना पंजाबी ड्रेसवर पायरीवर बसूसुद्धा देईनात. मग आम्ही मडगावातून पूर्ण बाह्यांचा, गुडघ्याखाली येणारा पोहण्याचा ड्रेस आणला, आणि त्या बाहेर यायला तयार होईनात. घरूनच आणा. रिसॉर्टमधल्या दुकानात तोच दुप्पट भावाने मिळतो.

समुद्र हा वेगळा विषय. ‘बीच रिसॉर्ट’ म्हणजे खोलीतून पाय वाळूत, असं नसतं. भरतीरेषेपासून पहिल्या दोनशे मीटरांत बांधकामाला १९९१ पासून बंदी आहे. म्हणजे नियमाने बांधलेल्या रिसॉर्टमधून सुरूच्या झाडांमधून, वाळूच्या टेकाडांवरून चालत जावं लागतं. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर हे आधी विचारा, काही ठिकाणी छोटी गाडी असते. वाळू कुणाच्या मालकीची नाही, त्यामुळे ‘प्रायव्हेट बीच’ लिहिलेलं असलं तर हसून सोडून द्या. पाण्यात उतरायचं ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधे, नुसता लाल झेंडा असला तर नाहीच. ‘दृष्टी’ या कंपनीचे जीवरक्षक २००८ पासून या किनाऱ्यांवर आहेत. साडेसातला येतात आणि संध्याकाळी सहानंतर त्यांचा टॉवर रिकामा असतो. नेमके तेव्हाच आपले लोक ‘ऊन उतरलं’ म्हणून पोरांना घेऊन निघतात. पावसाळ्यात फक्त बघायचं. दर उतरतात, गर्दी नसते, आम्ही गोव्यातले लोक तेव्हाच जातो, पण जातो ते पाऊस बघायला.

पैशाचा हिशेब करायची माझी रीत सोपी आहे. त्याच तारखेला त्याच खोलीचा नुसत्या नाश्त्यासकटचा दर विचारा, मग सगळ्यासकटचा. मधला फरक माणसांत वाटा, लहान मुलं पॅकेजमध्ये धरली असतील तर तीही मोजा. त्या पैशात बाहेर दोन जेवणं आणि टॅक्सीतला वाटा बसतो का, बघा. दर विचारताना कर धरून विचारा. खोली रात्रीला ₹७५०० च्या वर गेली की १८ टक्के जीएसटी लागतो, आणि चार खोल्यांवर तो बराच होतो. बुकिंग करणारा ‘एपी’ म्हणाला तर त्यात तीन जेवणंच, पेयं नाहीत, ‘एमएपी’ म्हणाला तर नाश्ता आणि एक जेवण. घरात कुणी पीत नसेल तर एपीच मागा. न पिणाऱ्या सासऱ्यांच्या वाटच्या कॉकटेलचे पैसे का भरायचे? आणि नाताळ ते ३१ डिसेंबर यायचंच असेल तर ‘गाला डिनर’ (सणाची खास मेजवानी) सक्तीचं आहे का, माणशी किती, हे लेखी घ्या.

विमानाने येणार असाल तर तिकीट दाबोळीचं काढा. मोपा उत्तर टोकाला, पेडण्यात आहे. तिथून मोबोर म्हणजे दोन तास आणि टॅक्सीचं भाडं वेगळंच. रेल्वेवाल्यांनी मडगावला उतरावं, तिथून अर्धा-पाऊण तास. परतीची गाडी संध्याकाळची असेल तर पॅकेजवाल्यांच्या मनगटाला जी ओळखीची पट्टी बांधतात, ती शेवटच्या दिवशी किती वाजता कापतात ते विचारून ठेवा. खोली अकरा-बाराला सोडायला लावतात, पण काही जण दुपारचं जेवण आणि अंघोळीची सोय देतात. न मागता कुणी देत नाही.