पाणी लागलं, पण विहीर झाली का?

“पाणी लागलं की साहेब, घ्या नमुना!” कचरा डेपोशेजारी बोअरवाले दादा आज सहज म्हणाले. बादलीतलं पाणी मात्र दुधाच्या चहासारखं.

निरीक्षण विहिरीत, म्हणजे भूजलाचे नमुने घेण्यासाठीच्या विहिरीत, जाळीच्या पाइपभोवती धुतलेली वाळू भरायची, जाळीच्या वर दोन फुटांपर्यंत. त्यावर दोन फूट बेंटोनाइट, म्हणजे पाण्यात फुगणारी चिकणमाती. ते नीट फुगल्यावरच सिमेंटचं ग्राउट, म्हणजे वरची पोकळी बंद करणारं पातळ मिश्रण. इथे घाई झाली की सिमेंट वाळूत उतरतं, पीएच ११-१२ दाखवतो आणि त्यालाच प्रदूषण समजलं जातं!

ग्राउटला किमान २४ तास द्या. मग सर्ज ब्लॉक (पाइपात दट्ट्यासारखा चालणारा ठोकळा) हळूहळू वरखाली, उपसा, पुन्हा सर्ज. गढूळपणा, पीएच, वाहकता स्थिर होईपर्यंत. नाहीतर गाळाला चिकटलेलं शिसंही पाण्याच्या खात्यात जमा होतं.

अहवाल वाचताना उपशाची नोंदवही कुणी मागतं का?