वाहाकातील केसादिया: मक्याच्या दाण्यापासून कोमालपर्यंत

दक्षिण मेक्सिकोतील वाहाका शहरात राहत असताना आमच्या घरमालकीणबाईंकडून मी केसादिया करायला शिकले. चीज घालून दुमडलेली मक्याची पोळी, एवढ्यात तिचे वर्णन आटोपते. पण तिची तयारी आदल्या रात्रीच सुरू होते.

वाळलेले मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर त्यातच मुरू देतात. किलोभर मक्याला साधारण १० ग्रॅम चुना पुरतो. सकाळी पाणी पिवळेधमक झालेले असते आणि दाणा बोटांत चोळला की साल अलगद सुटून येते. या चुन्यामुळेच दळलेल्या मक्याचा गोळा एकजीव होतो आणि मक्यात अडकून राहिलेले नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागते. मका युरोपात गेला, ही रीत मात्र गेली नाही. म्हणूनच उत्तर इटलीत मक्यावर गुजराण करणाऱ्या गोरगरिबांत पेलाग्रा हा नायसिनच्या कमतरतेचा आजार पसरला. स्वयंपाकघरातल्या या ज्ञानाचे मोल मला फार मोठे वाटते.

धुतलेले दाणे बाई गिरणीतून ओलेच दळून आणत. त्या पिठाचा, म्हणजे मासाचा, लिंबाएवढा गोळा प्लास्टिकच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून दाबयंत्रात दाबायचा. पोळी सोडवताना मात्र हात हलका लागतो. भाकरी तव्यावर टाकण्याची सवय मला इथे उपयोगी पडली. मातीच्या कोमालला, म्हणजे तिथल्या तव्याला, आधी चुन्याच्या पाण्याचा हात फिरवतात, त्यामुळे पोळी चिकटत नाही.

चीज वाहाकाचेच, केसियो. साकळलेले दूध गरम पाण्यात मळून, ताणून त्याच्या लांब पट्ट्या काढतात आणि त्यांचा गुंडा वळतात. म्हणूनच ते वितळल्यावर ओघळून न जाता तार धरते. ते सुरीने न कापता हातानेच उलगडून पोळीवर पसरायचे, त्यावर भोपळ्याची फुले आणि उग्र वासाच्या एपासोतेची दोन पाने ठेवायची आणि पोळी दुमडून दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजायची. तेलाचा थेंबही लागत नाही.

मेक्सिको सिटीत केसादिया मागितली की चीज हवे का, असे विचारतात, कारण तिथे नुसत्या बटाट्याची किंवा अळंब्यांचीही केसादिया मिळते. उत्तरेकडे ती गव्हाच्या पोळीची करतात. मला मात्र ताज्या मासाचीच आवडते, सोबत तोमातियो या टोमॅटोसारख्या हिरव्या फळाची आंबट, झणझणीत साल्सा घेऊन.