तुम्ही विचारलंत म्हणून: बॅलन डी’ओर की ‘द बेस्ट’?

फुटबॉलवर लिहिते म्हणून ओळखीचे-अनोळखी वर्षातून एकदा तरी हा प्रश्न मला विचारतातच: बॅलन डी’ओर आणि फिफाचा, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेचा ‘द बेस्ट’, या दोन्हींतला वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा खरा पुरस्कार कोणता? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असतं. बॅलन डी’ओर जुना, त्या सोन्याच्या चेंडूची शान वेगळी; फिफाचा तो आपला नंतर आलेला. माझं उत्तर उलटं आहे. मला ‘द बेस्ट’ जवळचा वाटतो, आणि त्याचं कारण तो कुणाला मिळाला यात नाही, तो कोण देतं यात आहे.

बॅलन डी’ओरबद्दल मला आदर आहेच. ‘फ्रान्स फुटबॉल’ या नियतकालिकाने १९५६ साली तो सुरू केला आणि पहिलाच मान स्टॅन्ली मॅथ्यूजला दिला, ब्लॅकपूलकडून खेळणाऱ्या ४१ वर्षांच्या विंगरला. १९६३ मध्ये लेव याशिनला देऊन गोलरक्षकाचाही सन्मान केला. त्यानंतर आजवर एकाही गोलरक्षकाला तो मिळालेला नाही. पण कितीतरी वर्षं हा पुरस्कार फक्त युरोपीय खेळाडूंसाठी होता. म्हणून पेले आणि मॅराडोना खेळत होते तेव्हा त्यांचा विचारच झाला नाही. मॅराडोना तर इटलीत, नेपल्समध्ये, युरोपच्या डोळ्यांसमोर खेळत होता! १९९५ मध्ये नियम बदलला आणि त्याच वर्षी लायबेरियाच्या जॉर्ज वेआने तो जिंकला. पुढे २०१६ मध्ये, पुरस्काराला साठ वर्षं झाली तेव्हा, नियतकालिकाने जुना हिशेब नव्याने मांडला. त्यात पेलेच्या नावावर सात आणि मॅराडोनाच्या नावावर दोन बॅलन डी’ओर निघाले. चूक मान्य करायला मोठं मन लागतं, ते त्यांनी दाखवलं.

मात्र २०२२ पासून पुरुषांच्या पुरस्कारासाठी फिफा क्रमवारीतल्या पहिल्या १०० देशांतल्या पत्रकारांनाच मत आहे, प्रत्येक देशातून एक. भारत बहुतेक वेळा शंभराच्या पलीकडेच असतो. म्हणजे कोलकात्यात, केरळात, गोव्यात, कोल्हापूरच्या पेठांमध्ये हा खेळ जीव टाकून बघणाऱ्या माणसांच्या वतीने बोलायला तिथे कुणीच नाही. विश्वचषकाच्या दिवसांत कोल्हापुरात ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे कसे फडकतात ते ज्याने पाहिलंय, त्याला हे लागतं. मला तरी लागतं.

‘द बेस्ट’मध्ये मतांचे चार हिस्से असतात, प्रत्येकी २५ टक्क्यांचे: राष्ट्रीय संघांचे कर्णधार, राष्ट्रीय संघांचे प्रशिक्षक, प्रत्येक देशातला एक पत्रकार आणि चाहते. प्रत्येकाने तिघांची नावं क्रमाने द्यायची; पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. भारताच्या कर्णधाराचं मत आणि फ्रान्सच्या कर्णधाराचं मत अगदी सारखं. सुनील छेत्री इतकी वर्षं कर्णधार होता, तेव्हा त्याच्या पाच गुणांचं वजन एम्बापेच्या पाच गुणांइतकंच होतं. जागतिक फुटबॉलमध्ये आपल्याला इतकी बरोबरीची जागा दुसरीकडे कुठे मिळते?

यावर लगेच आक्षेप येतो की कर्णधार नावाला भुलतात, मेस्सी दिसला की शिक्का मारतात. आक्षेप पोकळ नाही. २०१० ते २०१५ या काळात बॅलन डी’ओर आणि फिफाचा तेव्हाचा पुरस्कार एकत्र होते, आणि पत्रकारांबरोबर कर्णधार व प्रशिक्षकही मत देत. २०१० मध्ये नुसत्या पत्रकारांच्या मतांवर निकाल लागला असता तर वेस्ली स्नायडर जिंकला असता. त्याने इंटर मिलानबरोबर चॅम्पियन्स लीगसह तीन करंडक उचलले होते आणि नेदरलँड्सबरोबर विश्वचषकाची अंतिम फेरी गाठली होती. एकत्र मोजणीत तो चौथा आला, पहिल्या तिघांतही नाही. २०१३ मध्ये मतदानाची मुदत मध्येच वाढवली गेली. दरम्यान रोनाल्डोने स्वीडनविरुद्ध तीन गोल ठोकले आणि पुरस्कार त्याला मिळाला. पत्रकारांनी पहिला ठरवलेला फ्रँक रिबेरी तिसरा राहिला. रिबेरीचं दुःख मला अजून पटतं. मतदान सुरू झाल्यावर मुदत हलवायची नसते.

आणि मग १५ जानेवारी २०२४ ची, ‘द बेस्ट’च्या सोहळ्याची लंडनमधली रात्र, जिच्यावरून माझ्याशी सगळ्यात जास्त लोक भांडले. मेस्सी ४८, हालांड ४८. बरोबरी. प्रत्येक गटातल्या पहिल्या खेळाडूला शेवटी १३ गुण मिळतात, दुसऱ्याला ११. कर्णधार आणि चाहत्यांनी मेस्सीला वर ठेवलं, प्रशिक्षक आणि पत्रकारांनी हालांडला; म्हणून दोघांचीही बेरीज दोनदा १३ आणि दोनदा ११. अशा वेळी कर्णधारांची पहिल्या पसंतीची मतं पाहायची, असा नियम होता. त्यात मेस्सी पुढे होता.

मला विचाराल तर तो पुरस्कार हालांडचा होता. त्याच्या मँचेस्टर सिटीने २०२२-२३ च्या मोसमात प्रीमियर लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग असे तिन्ही करंडक जिंकले. हालांडने लीगमध्ये ३६ गोल केले आणि सगळ्या स्पर्धा धरून ५२. पण मोजायचा कालावधी होता १९ डिसेंबर २०२२ ते २० ऑगस्ट २०२३. म्हणजे मेस्सीने जिंकलेली कतारमधली विश्वचषकाची अंतिम लढत एका दिवसाने बाहेर राहिली आणि हालांडचा जवळजवळ अर्धा मोसमही. पुरस्कार वर्षाचा आणि मोजमाप आठ महिन्यांचं, हे मला मान्य नाही. फिफाने हा कालावधी मोसमाला धरून कायमचा बांधून टाकला पाहिजे.

तरीही त्या रात्रीनंतर जे वाचायला मिळालं ते मला निकालापेक्षा मोलाचं वाटतं. फिफा प्रत्येक कर्णधाराचं, प्रशिक्षकाचं, पत्रकाराचं मत नावानिशी जाहीर करते. ती लांबलचक यादी मी देशागणिक वाचते. अर्जेंटिनाचा कर्णधार म्हणून मेस्सीने स्वतः पहिलं मत कुणाला दिलं होतं? हालांडला. स्वतःला मत देता येत नाही हे खरं, पण सर्वांत तगड्या प्रतिस्पर्ध्याला पहिलं स्थान देण्याची सक्तीही कुणी केली नव्हती.

उघड मतांची किंमतही मोजावी लागते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रियाचा कर्णधार डेव्हिड अलाबा याने पहिलं मत मेस्सीला दिल्याचं कळलं. रिअल माद्रिदमधला त्याचा सहकारी बेंझेमा याला का नाही, म्हणून समाजमाध्यमांवर लोक त्याच्यावर तुटून पडले, वर्णावरून शिव्या दिल्या. त्याला सांगावं लागलं की ऑस्ट्रियाचं मत एकटा कर्णधार ठरवत नाही, संघातली मंडळी मिळून ठरवतात. त्या शिव्या देणाऱ्यांबद्दल मला आजही संताप आहे. पण म्हणून मतं झाकून ठेवावीत असं मला वाटत नाही. २०१९ मध्ये इजिप्तची मतं मोजलीच गेली नव्हती. अर्जावरच्या सह्या मोठ्या अक्षरांत असल्याने ग्राह्य वाटल्या नाहीत, असं फिफाने सांगितलं. यादी उघड होती म्हणूनच तो प्रश्न विचारता आला.

२०२० चंही विसरू नका. करोनाचं कारण देऊन बॅलन डी’ओर त्या वर्षी रद्दच झाला. लेवांडोव्स्कीने बायर्नसाठी ४७ सामन्यांत ५५ गोल केले होते, संघाने तिन्ही मोठे करंडक जिंकले होते, आणि त्याच्या हातात सोन्याचा चेंडू आलाच नाही. फिफाने डिसेंबरमध्ये ऑनलाइन का होईना, सोहळा केला आणि त्याला ‘द बेस्ट’ दिला.

माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फरक मात्र महिलांच्या बाबतीत आहे. फिफाने वर्षातल्या सर्वोत्तम महिला खेळाडूची निवड २००१ मध्ये सुरू केली. पहिली मानकरी अमेरिकेची मिया हॅम. ब्राझीलच्या मार्ताने २००६ पासून सलग पाच वर्षं तो मान मिळवला आणि २०१८ मध्ये सहाव्यांदा. महिलांसाठी बॅलन डी’ओर सुरू झाला तेव्हा २०१८ साल उजाडलं होतं. पहिली विजेती नॉर्वेची आदा हेगरबर्ग मंचावर आली, तर सूत्रसंचालकाने तिला कंबर हलवून नाचतेस का असं विचारलं. तिने ‘नाही’ म्हटलं आणि पाठ फिरवली. त्या मुलीने नुकतंच इतिहासात नाव कोरलं होतं, आणि तिला विचारायला दुसरं काही सुचलं नाही. प्रशिक्षकांचंही तसंच. फिफा त्यांना २०१० पासून गौरवते, पुरुष संघाच्या प्रशिक्षकाला आणि महिला संघाच्याही. बॅलन डी’ओरच्या सोहळ्यात प्रशिक्षकांचा करंडक आला तो २०२४ मध्ये. लेस्टर सिटीला प्रीमियर लीगचं विजेतेपद मिळवून देणारे रानिएरी २०१६ चे सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले, तेही फिफाच्याच मंचावर.

याच मंचावर २०१९ मध्ये चाहत्यांचा पुरस्कार ब्राझीलच्या सिल्विया ग्रेको या आईला मिळाला. तिचा मुलगा अंध आहे. पाल्मेरास क्लबच्या सामन्यांना ती त्याला घेऊन जाते आणि स्टँडमध्ये बसून सगळा खेळ त्याला बोलून दाखवते. त्याच संध्याकाळी खिलाडूवृत्तीचा मान मार्सेलो बिएल्सा आणि लीड्स युनायटेडला मिळाला, कारण ॲस्टन व्हिलाचा खेळाडू जखमी होऊन पडलेला असताना झालेल्या गोलची भरपाई म्हणून बिएल्साने आपल्या संघाला बाजूला उभं राहून गोल होऊ द्यायला लावला होता. असल्या गोष्टींना जागा देणारा सोहळा मला हवासा वाटतो.

चौथा हिस्सा चाहत्यांचा आहे, म्हणजे तुमचाही. मतदान सुरू झालं की फिफाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवा आणि तिघांची नावं द्या. एक विनंती आहे: महिलांच्या यादीपासून सुरुवात करा, आणि मत देण्याआधी त्यांतल्या निदान तिघींचे पूर्ण सामने बघा, नुसते गोल नकोत. स्पेनची आयताना बोनमाती चेंडू येण्याआधी मान वळवून मागे कोण आहे ते कसं हेरते, ते गोलांच्या तुकड्यांत दिसत नाही.