तुम्ही विचारलंत म्हणून : ऑनलाइन जाहिरात बंद का केली?

हाताने शिवलेल्या वह्यांचा माझा छोटा व्यवसाय आहे आणि त्याची जवळजवळ सगळी विक्री ऑनलाइन होते, हे मला विचारणाऱ्यांना ठाऊक असते. इतकी वर्षे सतत दिसणारी जाहिरात एकाएकी दिसेनाशी का झाली, असे जुने ग्राहक विचारतात. ज्यांनी नुकताच स्वतःचा व्यवसाय सुरू केला आहे, त्यांना खरे तर स्वतःच्या पैशांविषयी विचारायचे असते, पण सुरुवात ते याच प्रश्नाने करतात. जाहिरातींची कामे घेणारे लोकही हा प्रश्न विचारतात, आणि त्यांच्या सुरावरून उत्तर त्यांनी आधीच ठरवलेले आहे हे कळते. ‘परवडत नव्हती’, ‘वेळ मिळत नव्हता’, ‘गरज वाटेनाशी झाली’ अशी जी उत्तरे त्या त्या वेळी सुचली ती मी दिली. त्यांतले एकही खोटे नव्हते, पण त्यांनी विचारणाऱ्याचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे.

‘टार्गेटिंग चुकलं असणार’, ‘फोटो बदलून पाहायचे होते’, ‘बजेट फारच कमी होतं’ ही तीन वाक्ये मी इतक्यांदा ऐकली आहेत की त्यांच्यापासूनच सुरुवात करणे बरे. टार्गेटिंग, म्हणजे जाहिरात कोणत्या लोकांना दाखवायची याची निवड, बदलून पाहिले होते, फोटो आणि मजकूरही बदलले होते. बजेट कमी होते हे मात्र मला पूर्ण मान्य आहे, फक्त त्याचा अर्थ काय होतो हे ते सांगणाऱ्यांनी पुरते पाहिलेले नसते. मी ज्या माध्यमावर जाहिरात देत होते, त्याच्याच मार्गदर्शनात असे लिहिलेले आहे की एका जाहिरात-संचाला, म्हणजे एकत्र चालवलेल्या जाहिरातींच्या गटाला, आठवड्याभरात साधारण ५० अपेक्षित परिणाम मिळाले, तर त्यांच्या यंत्रणेला कोणापुढे ती जाहिरात ठेवावी हे नीट शिकता येते. परिणाम म्हणजे विक्री धरली, तर एका जाहिरातीतून आठवड्याला ५० वह्या विकल्या जाणे मला शक्य नव्हते, आणि विकल्या गेल्या असत्या तरी तेवढ्या शिवून देणे शक्य नव्हते. यावर सुचवला जाणारा उपाय असा की विक्रीऐवजी क्लिक किंवा पान उघडणे हा परिणाम धरावा, म्हणजे ५० चा आकडा सहज गाठता येतो. मी तेही केले. यंत्रणेने सांगितलेले काम चोख बजावले आणि क्लिक करणारी माणसे शोधून आणली. वह्या घेणारी माणसे शोध, असे तिला कोणी सांगितलेच नव्हते. शिवाय जाहिरातीच्या जागेचा दर लिलावात ठरतो आणि त्या लिलावात माझ्यासारख्यांबरोबर प्रचंड बजेटची दुकानेही उतरलेली असतात, त्यामुळे वर्षातल्या मोठ्या खरेदीच्या दिवसांत तीच जाहिरात तितक्याच लोकांपर्यंत पोहोचवायला कितीतरी अधिक पैसे पडतात.

तरीही एवढ्या कारणासाठी मी जाहिरात बंद केली नसती, कारण त्या माध्यमाकडून मिळणारा जाहिरातीचा रिपोर्ट चांगला येत होता. दर महिन्याला खर्चापेक्षा विक्री बरीच जास्त दिसे आणि ते पाहून मी निश्चिंत असे. मग एक दिवस असा आला की दिवसभरात एकच ऑर्डर आली. संध्याकाळी रिपोर्ट उघडला, तर जाहिरातीमुळे झालेली विक्रीही एकच, आणि तीही तेवढ्याच रकमेची. ती ऑर्डर ज्यांची होती त्या बाई माझ्या जुन्या ग्राहक होत्या. आदल्याच दिवशी त्यांनी ईमेल करून विचारले होते की मागच्या वेळेसारखीच, कोऱ्या पानांची जाड वही पुन्हा केव्हा मिळेल. मी उत्तर दिले होते की तयार आहे, साइटवर टाकते. त्यांनी साइटवर जाऊन वहीचे पान पाहिले, दुसऱ्या दिवशी विकत घेतली. या दोन्हींच्या मध्ये केव्हातरी माझी जाहिरात त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली असणार, कारण जे पान पाहून गेले त्यांना पुन्हा जाहिरात दाखवण्याची सोय मीच चालू ठेवली होती. जाहिरातीवर क्लिक केल्यावर सात दिवसांत, किंवा नुसती दिसल्यावर एका दिवसात खरेदी झाली, तर ती जाहिरातीच्या नावावर मांडायची, असा त्या हिशेबाचा नियम होता. त्या नियमाने रिपोर्ट बरोबर होता. आणि तरीही ती वही जाहिरातीने विकली, असे म्हणायला माझे मन तयार होईना.

त्यानंतर मी मागच्या कित्येक महिन्यांच्या ऑर्डरी, ईमेल आणि रिपोर्ट घेऊन बसले. रिपोर्टमध्ये ग्राहकांची नावे नसतात, त्यामुळे ज्या दिवशी ऑर्डरी एक-दोनच होत्या तेवढेच दिवस पडताळता आले. काही ऑर्डरी त्या बाईंसारख्याच निघाल्या, म्हणजे येणार हे आधी ठरलेल्या. काही जणांनी खरेदीच्या वेळीच लिहिले होते की मैत्रिणीकडे वही पाहिली म्हणून घेत आहोत. पण काही नावे अशीही होती की त्यांचा माझ्याशी किंवा माझ्या कोणा ग्राहकाशी दूरचाही संबंध दिसेना. ही माणसे जाहिरातीनेच आणली असणार. त्या वेळी मला पहिल्या दोन प्रकारांचा इतका संताप आला होता की या तिसऱ्या प्रकाराकडे मी द्यावे तितके लक्ष दिले नाही. त्या वेळच्या माझ्याशी मी आजही याच मुद्द्यावर भांडते.

एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयओएस १४.५ ही आयफोनची नवी प्रणाली आणली आणि दुसऱ्या ॲपांमधला व वेबसाइटवरचा वावर टिपण्याआधी प्रत्येक ॲपने परवानगी मागावी, अशी अट घातली. पुष्कळ लोकांनी ती परवानगी नाकारली, आणि त्यात मला काहीच गैर वाटत नाही. पण अशांची खरेदी माध्यमाला नीट दिसत नसल्याने तेव्हापासून रिपोर्टमधल्या विक्रीचा काही भाग मोजलेला नसून अंदाजाने भरलेला असतो. हजारो ऑर्डरी असणाऱ्याच्या हिशेबात अंदाजातली चूक इकडेतिकडे होऊन भरून निघते. माझ्या महिन्याच्या मोजक्या ऑर्डरींत दोन अंदाजाच्या मिसळल्या, तर तोट्याचा महिना फायद्याचा दिसू लागतो.

जाहिरात बंद केल्यावर जो कोणी विचारील त्याला मी ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या मोठ्या साइटच्या प्रयोगाचा दाखला देत असे. थॉमस ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्हन टाडेलिस यांनी तो ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात २०१५ मध्ये मांडला. इंटरनेटवरच्या शोधयंत्रात कोणी ‘ईबे’ असे शोधले की वर दिसणाऱ्या स्वतःच्या जाहिराती ईबेने थांबवल्या, तेव्हा त्या जाहिरातींवरून येणाऱ्या क्लिकांपैकी ९९.५ टक्के क्लिक खालच्या फुकट निकालांवरून येऊ लागले. जे येणारच होते त्यांच्यासाठी पैसे मोजले जात होते. मला त्या वेळी हे अगदी माझ्याच मनातले कोणीतरी सिद्ध करून दाखवल्यासारखे वाटले. पण त्याच लेखात असेही आहे की जे ग्राहक नवीन आहेत किंवा क्वचित येतात, त्यांच्यावर जाहिरातीचा परिणाम झाला. तोटा आला तो नेहमीच्या ग्राहकांमुळे, कारण खर्चाचा मोठा भाग त्यांच्यावर होत होता आणि त्यांची खरेदी जाहिरातीने बदलत नव्हती. ईबे हे नाव जगाला माहीत आहे. माझे नाव किती जणांना माहीत आहे? ज्याला कोणी ओळखत नाही अशा व्यवसायाला या लेखातून जाहिरात बंद करण्याचे कारण मिळते की चालू ठेवण्याचे, हे मी प्रामाणिकपणे विचारले असते तर माझा युक्तिवाद बराच लंगडा पडला असता.

२०१५ मध्येच रँडल लुईस आणि जस्टिन राव या दोघांनी मोठ्या कंपन्यांच्या २५ प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांतले बहुतेक प्रयोग लाखो लोकांपर्यंत पोहोचलेले होते, आणि तरी जाहिरातीतून नेमका किती परतावा मिळाला हे ठरवणे फार कठीण असल्याचा त्यांचा निष्कर्ष आहे, कारण माणसांची खरेदी मुळातच इतकी कमीजास्त होत असते की जाहिरातीचा लहानसा परिणाम त्यात दिसेनासा होतो. लाखो लोकांवर प्रयोग करणाऱ्यांना जे मोजता येत नाही, ते मला माझ्या वहीखात्यावरून मोजता येणार नव्हते. मी बंद केलेली जाहिरात नुकसानीची होती याचा पुरावा माझ्याकडे नव्हता. ती फायद्याची होती याचाही पुरावा नव्हता. पैसे मात्र दर आठवड्याला निश्चितपणे जात होते.

आता ज्या गोष्टीविषयी मला कोणी विचारत नाही ती सांगते, कारण ती सोडून दिलेले उत्तर अर्धवटच राहील.

त्या काळात माझ्याबरोबर एक मुलगी शिलाईचे काम करत असे. तिचा टाका माझ्यापेक्षा सरळ आणि घट्ट असे आणि जाड वह्या तर मी तिच्याकडेच देत असे. जाहिरात बंद केल्यावर काही काळ ऑर्डरी पूर्वीसारख्याच येत राहिल्या आणि मी ते माझ्या निर्णयाचे समर्थन मानले, तिच्याजवळ तसे बोलूनही दाखवले. मग ऑर्डरी हळूहळू कमी होऊ लागल्या. आधी तिचे येण्याचे दिवस कमी करावे लागले. नंतर उरलेल्या दिवसांतही पुरेसे काम राहीना, तेव्हा तिने दुसरीकडे काम पाहिले. जाण्याआधी तिने मला विचारले, “ताई, जाहिरात चालू ठेवली असती तर माझं काम राहिलं असतं का?”

मी तिला समजावायला बसले. ऑर्डरी कमी होण्याच्या सुमारासच कागद महागला होता आणि मी वह्यांची किंमत वाढवली होती. समाजमाध्यमावरच्या ज्या पानावर मी फोटो टाकत असे, त्याची फुकटची रीचही, म्हणजे पैसे न देता ते जितक्यांना दिसे ती संख्याही, त्याच दरम्यान घटली होती. जाहिरातीचा परिणाम उशिरा ओसरतो हे खरे, पण या तीन कारणांपैकी कोणत्या कारणाने किती ऑर्डरी गेल्या हे वेगळे काढता येत नाही. मी तिला ईबेचा प्रयोगही सांगितला. तिने सगळे ऐकून घेतले. मग ती म्हणाली, “रिपोर्ट खोटा असेल ताई, पण मला मिळत होतं ते काम खरं होतं.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मला त्यावर काही बोलता आले नाही आणि पुढेही पुष्कळ दिवस सुचले नाही. तर्काने पाहिले, तर तिचे वाक्य काहीच सिद्ध करत नाही, कारण ते काम जाहिरातीतूनच येत होते हे तिलाही माहीत असण्याचे कारण नव्हते. पण मी तिच्यापुढे जे मांडले त्यानेही काही सिद्ध होत नव्हते, आणि अनिश्चितता आम्हा दोघींची सारखीच असली तरी त्या अनिश्चिततेची किंमत त्या मुलीने एकटीने मोजली होती. पुरावा नसताना निर्णय घ्यायचा असेल, तर चुकल्यास कोणाचे काय जाईल हे आधी पाहायला हवे होते असे मी आज म्हणते. यावर त्या वेळची मी उलट विचारीन की पैसे असेच जात राहिले असते, तर काही महिन्यांनी व्यवसायच राहिला असता का? त्याचे उत्तर माझ्याकडे नाही.

जाहिरातीऐवजी मी काय करते, हेही विचारले जाते. ज्यांनी स्वतःहून पत्ता दिला आहे त्यांना नव्या वह्यांचे ईमेल पाठवते, आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर देते, आणि ग्राहक वारंवार विचारतात ते प्रश्न, म्हणजे कोणत्या कागदावर शाई पसरत नाही, वही सपाट उघडी राहावी म्हणून शिलाई कशी लागते, अशा गोष्टी माझ्या साइटवर नीट लिहून ठेवते. या पानांवरून लोक शोधत येतात. याला फुकटचे मार्केटिंग म्हणतात तेव्हा मला वाईट वाटते, कारण लिहिण्यात जाणारे तास हे शिलाईचेच तास असतात. ईमेलची यादी पूर्णपणे आपली असते, हेही अर्धेच खरे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याचे आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवण्याचे नियम लागू केले. त्यांचा हेतू योग्यच आहे, पण पत्र पोहोचवायचे की नाही हे ठरवणारे दुसरेच कोणीतरी आहे, एवढे त्यावरून कळते. किती जणांनी ईमेल उघडला, या आकड्यावरही २०२१ च्या सप्टेंबरपासून विसंबता येत नाही, कारण ॲपलच्या मेलमधली गोपनीयतेची सोय चालू असली की वाचणाऱ्याने ईमेल न उघडताही तो उघडल्याची नोंद होऊ शकते. त्यामुळे मी फक्त उत्तरे आणि ऑर्डरी पाहते. ऑर्डरीच्या वेळी ‘आमच्याविषयी कसे कळले?’ असे विचारते, तर बहुतेक जण मित्राने किंवा मैत्रिणीने सांगितले असे लिहितात. त्या मैत्रिणीला कसे कळले होते? कदाचित जुन्या जाहिरातीतूनच. हे मला नाकारता येत नाही.

जे नव्याने व्यवसाय सुरू करत आहेत त्यांना माझी विनंती आहे की माझ्या बंद करण्याला सल्ला समजू नका. जाहिरात देणार असाल तर जुन्या ग्राहकांची यादी तिच्यातून वगळा, पान पाहून गेलेल्यांना पुन्हा दाखवण्यावर फार खर्च करू नका, आणि काही आठवडे चालू, काही आठवडे बंद असे आधीच ठरवून त्या त्या काळातली एकूण विक्री पाहा. जाहिरातीने आपल्या नावावर लिहिलेला आकडा बाजूला ठेवा. एवढे करूनही उत्तर स्पष्ट मिळेलच असे नाही. ऑर्डरी थोड्या असतील तर बहुधा मिळणार नाही, पण निदान आपण कशासाठी पैसे मोजत आहोत हे कळेल.

मी पुन्हा सुरू करणार का? या पद्धतीने, फक्त मला न ओळखणाऱ्यांसाठी, आणि गेले तरी चालतील एवढ्याच पैशांत एकदा करून पाहावे असे हल्ली वाटते. माझ्याकडून गेलेली ती मुलगी अजून दुसरीकडेच काम करते. तिला पुन्हा बोलवायचे तर निदान वर्षभराच्या कामाची खात्री द्यावी लागेल, आणि ती खात्री कोणत्या आकड्यावरून द्यायची हे मला अजून ठरवता आलेले नाही.